मुलांच्या वस्तूंना भिंतीवर जागा

मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्यापूर्वीची आवराआवर चालू होती. दादीने पलंगाखालचा एक बुटाचा खोका ओढून काढला, झाकण उघडून पाहिले आणि घंटागाडीत टाकून दिला. त्यात काय होते? भाट्याच्या किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्या, मातीची होडी, तुटलेल्या घड्याळाचा पट्टा, चार-पाच चित्रे आणि विमानाच्या बोर्डिंग पासचा अर्धा तुकडा. दादीच्या दृष्टीने तो कचरा होता. खरे सांगायचे तर आमच्याही दृष्टीने कचराच होता.

संध्याकाळी आमच्या धाकट्याने सवयीने पलंगाखाली हात घातला. खोका नाही म्हटल्यावर तो जो रडू लागला, तो जेवायलाही उठला नाही. आमच्यापैकी एक जण कुवेतला नोकरीला असतो आणि वर्षातून एकदा चाळीस दिवसांच्या सुट्टीवर येतो. तो बोर्डिंग पास मागच्या खेपेचा होता. पाच वर्षांच्या मुलाने तो वर्षभर जपून ठेवला होता आणि आम्हाला पत्ताही नव्हता. दादी बिचारी रात्री त्याच्या उशाशी बसून म्हणाली, "मला काय ठाऊक रे बाळा, तू कुठे ठेवायला हवे ते सांगितले असतेस तर!" त्यावर तो म्हणाला, "कुठे ठेवू?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. घरात कपड्यांना कपाट, भांड्यांना मांडणी, औषधांना कोनाडा आहे. मुलांच्या दप्तरालासुद्धा खुंटी आहे. पण त्यांच्या स्वतःच्या वस्तूंना जागा नाही. म्हणून सुट्टी संपण्यापूर्वी मुलांच्या खोलीत फळ्या आणि चौकटी करायच्या, असे आम्ही ठरवले. बाजारातून तयार आणण्याइतके पैसे त्या महिन्यात नव्हते. शाळेचा खर्च तोंडावर आला होता.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. तो आधी सांगतो, कारण पुढचे सगळे आम्ही त्यातूनच शिकलो.

एका फर्निचरच्या कारखान्यातून प्लायवूडचा उरलेला तुकडा आणला. तीन फूट लांब, नऊ इंच रुंद अशी फळी कापली. दोन लोखंडी कंस, चार गिट्ट्या, दीड इंची स्क्रू. शेजाऱ्याचे ड्रिल मशीन मागून आणले. दुपारी सुरू केलेले काम असरच्या अजानपूर्वी संपले, आणि फळी झकास दिसत होती. जूनच्या मध्यावर शाळा उघडली. थोरलीने आपली सगळी पुस्तके त्यावर रचली. नवव्या दिवशी दुपारी फळी कंसांसकट खाली आली. तिच्या खालीच धाकटा रोज खेळत बसतो. त्या वेळी पाणी प्यायला उठला होता, एवढेच. फळीचा कोपरा लागून जमिनीची लादी फुटली. ती फुटलेली लादी आम्ही अजून बदललेली नाही.

ओळखीच्या एका वयस्क सुतारचाचांना बोलावले. त्यांनी फळीकडे पाहिलेसुद्धा नाही. खाली पडलेल्या गिट्ट्या उचलून तळहातावर घेतल्या आणि आम्हाला दाखवल्या. चारही गिट्ट्या स्क्रूसकट निघाल्या होत्या आणि त्यांना पांढरट गिलाव्याची ढेकळे चिकटली होती. "लाल धूळ कुठे आहे?" त्यांनी विचारले. आमचे घर जुने, जांभ्या चिऱ्याचे. त्यावरचा चुन्या-मातीचा गिलावा ठिकठिकाणी दीड-दोन इंच जाड. आमचे स्क्रू चिऱ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. वरून ठणठणीत दिसणाऱ्या एका पापुद्र्यावर आम्ही पुस्तके टांगली होती.

तेव्हा वाचकहो, फळी कसली घ्यावी हा प्रश्न नंतरचा. आधी भिंत कसली आहे ते पाहा. ड्रिल मारताना जो भुसा पडतो त्याखाली पांढरा कागद धरा. सुरुवातीला गिलाव्याची धूळ पडेल, सिमेंटची असेल तर करडी, चुन्याची असेल तर पांढरी. मग रंग बदलला पाहिजे. लाल आला तर आत वीट किंवा चिरा लागला. शेवटपर्यंत करडाच राहिला आणि मशीन कुरकुरू लागले, पुढे सरकेना, तर काँक्रीटचा खांब किंवा तुळई आहे. तिथे पकड उत्तम मिळते, पण साधे मशीन थकते आणि मध्येच सळई लागू शकते. लागलीच तर भोक दोन इंच बाजूला घ्यावे, हट्ट करू नये. भुसा पांढुरका, हलका आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखे सरसर आत गेले, तर ती सिपोरेक्सची हलकी भिंत आहे. भिवंडी, मुंब्रा, पुणे इथल्या नव्या इमारतींत ती सर्रास असते. तिथे मशीनची हातोडीची कळ बंद ठेवून नुसते फिरवावे आणि हार्डवेअरच्या दुकानात सांगून त्या भिंतीसाठीची रुंद पाकळ्यांची गिट्टी मागावी. साधी गिट्टी त्यात फिरत राहते.

स्क्रू किती लांब घ्यायचा, याचा हिशेबही मग आपोआप सुटतो. गिलाव्याची जाडी, फळीमागच्या पट्टीची जाडी, आणि त्यापुढे खऱ्या भिंतीत किमान दीड इंच. गिट्टीही तेवढी आत गेली पाहिजे. गिलाव्यात राहिलेली गिट्टी नसल्यासारखीच.

आणखी एक. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या रेषेत आडवे कुठेही भोक पाडू नका. भिंतीतल्या वायरी बहुतेक याच मार्गाने जातात. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत नळाच्या पाइपांचा असाच विचार करावा.

चिऱ्याच्या भिंतीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि कोकणातल्या बऱ्याच घरांना ती लागू पडेल. चिरा सच्छिद्र असतो. हातोडीच्या धक्क्याने भोक आतून मोठे होते आणि गिट्टी सैल बसते. चाचांनी जुनी रीत वापरली. छिन्नीने इंचभर तोंडाचे, तीन इंच खोल भोक केले, तोंडापेक्षा आत जरा रुंद. वाळलेल्या सागाची खुंटी तासली, तीही आतल्या टोकाला जाड आणि बाहेर निमुळती. भोक ओले करून त्यात सिमेंट-वाळूचा घट्ट माल भरला आणि खुंटी त्यात बसवून पुन्हा कडेने माल दाबला. माल सुकला की निमुळत्या तोंडातून जाड खुंटी बाहेर येऊच शकत नाही. अशा तीन खुंट्या सोळा-सोळा इंचांवर, एका रेषेत. रेषेसाठी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी वापरली, दोन टोके दोघांनी धरून. फोनवरची पातळी दाखवणारी सोय आम्ही आधी वापरली होती. ती जुन्या वाकड्यातिकड्या गिलाव्यावर दर हाताला वेगळे सांगते. आठ दिवस खुंट्यांना हात लावायचा नाही, पहिले तीन दिवस पाण्याचा हबका मारायचा, असे बजावून चाचा गेले. सुट्टीचे दिवस सरत होते. तरी आम्ही आठ दिवस थांबलो.

त्या आठ दिवसांत लाकडाचे पाहिले.

रत्नागिरीत मे अखेरीस आंब्याच्या रिकाम्या पेट्या जिकडेतिकडे पडलेल्या असतात. आता पुठ्ठ्याचे खोकेही पुष्कळ आले आहेत, पण लाकडी पेटी अजून मिळते. आम्ही हंगाम संपता संपता सहा पेट्या गोळा करून ठेवल्या होत्या, दोन घरच्या आणि चार शेजारपाजारच्या. पेंढा झटकला, पक्कडीने सैल खिळे आणि पट्ट्या काढल्या, आणि पाऊस लागण्यापूर्वी चार दिवस कडक उन्हात ठेवल्या. हे ऊन टाळू नका. पेटीचे लाकूड मऊ असते, त्यात पोखरणारी कीड लवकर शिरते. बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर ती पेटी चुलीत घाला, खोलीत आणू नका. पेटी आडवी ठेवली की तिचा आयता खण होतो. शिंपल्या, होडी, रंगांची डबी, असले हलके सामान त्यात छान राहते. पुस्तकांसाठी मात्र पेटीच्या फळ्या बारीक पडतात, मध्ये वाकतात.

पुस्तकांसाठी प्लायवूडच हवे, बारा मिलिमीटरचे. अख्खा आठ बाय चारचा तक्ता घेण्याची गरज नसते. सुतारांकडे आणि फर्निचरच्या दुकानांत हातभर-दोन हात रुंद तुकडे उरलेले असतात, ते वजनावर किंवा नगावर स्वस्तात देतात. तुकड्यावर आयएसआयचा शिक्का दिसतो का पाहा. ३०३ आकडा असेल तर ते घरातल्या साध्या वापराचे, ७१० असेल तर पाण्याला टिकणारे. आमच्याकडे चार महिने भिंतींना ओल असते म्हणून आम्ही ७१० चे तुकडे शोधले. घाटावर कोरड्या हवेत ३०३ पुरेल. भुसा दाबून केलेला बोर्ड स्वस्त मिळतो, पण ओल लागली की फुगतो आणि स्क्रू सोडतो. त्या मोहात पडू नये.

कारखान्यांतून येणारे लाकडी पॅलेट तोडूनही लोक फळ्या करतात. आमच्या एका नातलगाने भिवंडीला केल्या आहेत. त्या लाकडावर डागलेला शिक्का असतो. त्यात एचटी ही अक्षरे असतील तर लाकूड नुसते तापवून निर्जंतुक केलेले आहे. एमबी असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते मुलांच्या खोलीसाठी घेऊ नये. शिक्काच नसेल किंवा डाग, वास असेल तरी नको. त्यावर कसले पिंप ठेवले होते कोण जाणे.

नवव्या दिवशी चाचा आले. येताना चार फूट लांब, चार इंच रुंद अशी एक पट्टी मधोमध तिरकी चिरून आणली होती. दोन भाग झाले, दोघांनाही तिरकी धार. एक भाग खुंट्यांवर स्क्रूने पक्का केला, धार वरच्या बाजूला आणि अशी की पट्टी व भिंत यांच्यामध्ये खाच राहील. दुसरा भाग मांडणीच्या पाठीला उलटा लावला. मग दोघांनी मांडणी उचलून खाचेत अडकवली. झाले. सगळे वजन तिन्ही खुंट्यांवर वाटले जाते, आणि रंग द्यायचा किंवा घर बदलायचे तर मांडणी उचलून काढता येते. मागे खालच्या बाजूला तेवढ्याच जाडीची एक पट्टी लावावी लागते, नाहीतर मांडणी भिंतीकडे कलते. उड्या मारणाऱ्या मुलांच्या हाताने ती उचकटू नये म्हणून कडेला एक स्क्रू.

फळ्यांची रुंदी या वेळी नऊ इंच नव्हे, साडेचार इंच ठेवली. पुस्तकांचे वजन भिंतीपासून जितके दूर तितका वरच्या स्क्रूवर ओढा जास्त, हे फळी पडल्यावर डोक्यात शिरले. शिवाय अरुंद फळीवर, पुढे दीड इंची पट्टी लावून, पुस्तके मुखपृष्ठ समोर करून उभी ठेवता येतात. ज्याला अजून अक्षरे लागत नाहीत त्याला पुस्तकाचा कणा काही सांगत नाही. मुखपृष्ठ पाहून आमचा धाकटा पुस्तक स्वतः काढतो आणि, दहातल्या सहा वेळा, स्वतः ठेवतोही.

मुलांना चढवण्यापूर्वी मांडणीवर रात्रभर तांदूळ ठेवले. थोरलीची सगळी पुस्तके घरच्या काट्यावर नऊ किलो भरली होती, म्हणून दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या. सकाळी फजरला उठलो तेव्हा आधी ती खोली पाहिली. पेन्सिलीने मारलेल्या खुणेवरून पट्टी केसभरही हललेली नव्हती.

उंचीवरून घरात दोन मते होती. पाच वर्षांचे मूल साडेतीन फुटांच्या आसपास असते. त्याचा हात चार-सव्वाचार फुटांपर्यंत नीट पोहोचतो. फळी त्याहून वर नेली की ती मोठ्यांची होते आणि मूल खुर्चीवर खुर्ची ठेवू लागते. मुलांच्या वस्तू मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवाव्यात, हे मारिया माँटेसरींनी सांगितले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने न मागवता आसपास जे मिळते त्यातूनच ती उभी केली. आंब्याची पेटी त्यांना चालली असती, असे आम्हाला वाटते.

पण दादीची अडचण खरी होती. थोरलीचा सिपारा आणि धाकट्याचा कायदा कुठे ठेवायचा? आमच्या घरात ती पुस्तके सगळ्यांच्या वर, कोनाड्यात असतात. म्हणजे मुलांना रोज कोणाला तरी हाक मारावी लागते. थोरली म्हणाली, मला माझा सिपारा स्वतः घ्यायचा आहे. मग ठरले ते असे: मांडणीचा सर्वांत वरचा, सव्वाचार फुटांवरचा खण फक्त त्यासाठी. त्याच्या वर त्या भिंतीवर दुसरे काहीच लावायचे नाही, ना चौकट ना खुंटी. थोरलीचा हात पोहोचतो, आणि धाकट्यासाठी पायाखाली घ्यायला एक बुटका पाट आहे. दादीचे समाधान झाले. चाचांनी सागाच्या उरलेल्या तुकड्याची छोटी रेहल करून दिली. एकाच फळीतून, कुठेही सांधा न जोडता, मधली दाते चिरून ती उघडमीट कशी होते हे त्यांनी मुलांना समोर बसवून दाखवले. सबंध कामात मुलांना सर्वांत आवडले ते हेच.

चौकटींचे काम पावसात झाले. तोवर आमच्यापैकी एक जण कुवेतला परतला होता आणि व्हिडिओ कॉलवरून फक्त सूचना करीत होता. त्यातल्या निम्म्या ऐकल्या.

मुलांची चित्रे साधारण ए-फोर कागदावर असतात, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटर. चौकटीचे आतले माप २० बाय २८.५ ठेवले की कागदाच्या चारी कडा झाकल्या जातात. प्लायवूडच्या कडांना लावायची लाकडी बीडिंग पट्टी घ्या, इंचभर रुंद. दोन तुकडे २५ सेंटिमीटरचे, वर आणि खाली. दोन २८.५ चे, त्यांच्या मध्ये उभे. आठ फुटी एका पट्टीत दोन चौकटी निघतात. कोपरे तिरके कापायच्या भानगडीत पडू नका. आम्ही एक चौकट त्यात वाया घालवली. सरळ कापून, फेव्हिकॉल लावून, मागून कोपऱ्यावर पातळ प्लायचा त्रिकोणी तुकडा बारीक चुकांनी ठोकला की काम भागते. चिकटवताना दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे.

काच लावायची नाही. पुस्तकांना स्पायरल बाइंडिंग करताना वर जो पारदर्शक कागद लावतात तो झेरॉक्सच्या दुकानात सुटा मिळतो, नेमका ए-फोर मापाचा. त्यामागे चित्र, त्यामागे जुन्या वहीचा पुठ्ठा. पुठ्ठा चिकटवू नका. पत्र्याचे दोन छोटे तुकडे एकेका स्क्रूवर फिरते ठेवा, म्हणजे मागून उघडून चित्र बदलता येते. मुलाला तीन महिन्यांपूर्वीचे आपले चित्र आवडेनासे होते, ते बदलायचा हक्क त्याला हवा.

चौकटीत काय लावायचे याबाबत घराघरात वेगवेगळा रिवाज आहे. आमच्याकडे त्या खोलीत दादी नमाज पढते, म्हणून माणसांचे फोटो नकोत असे तिचे म्हणणे पडले आणि आम्ही ते मानले. मुलांना अडचण आली नाही. सध्या भिंतीवर दाबून वाळवलेले फणसाचे पान आहे, थोरलीने वळणदार अक्षरांत काढलेली दोघांची नावे आहेत, मिरकरवाड्याच्या बंदरातली बोट आहे आणि एक नकाशा आहे, ज्यात रत्नागिरी आणि कुवेत यांच्यामध्ये जेमतेम वितीचे अंतर आहे.

पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर आम्ही लाकडी काहीच ठेवलेले नाही. तिथे नुसती दोरी आणि कपड्यांचे चिमटे. भाड्याच्या घरात, जिथे भोक पाडायला मालक परवानगी देत नाही, तिथेही हीच दोरी बरी. दुहेरी चिकटपट्टीवर विसंबू नका. चुना लावलेल्या भिंतीवर ती पहिल्या पावसातच रंगासकट सुटते. जमिनीवर उभे करायचे उंच कपाट असेल तर तेही वरून भिंतीला बांधा. मूल खणांची शिडी करते आणि कपाट त्याच्या अंगावर येते.

रंगाबद्दल थोडे. माळ्यावर ऑइलपेंटचा एक जुना डबा होता, तो वापरायचा आमचा विचार होता. नवीन रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या वर असू नये, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आमचा डबा त्याआधीचा. लहान मुले कडा चावतात, खरवडतात, आणि शिसे मेंदूच्या वाढीला घातक असते. डबा बाहेर काढला आणि पाण्यात मिसळणारा नवीन रंग आणला, अर्धा लिटर पुरला. त्याआधी पॉलिश पेपरने, आधी ८० नंबर आणि मग १५० नंबर, कडा घासून घेतल्या. पेटीच्या लाकडाची कुसळे फार लागतात. घासण्याचे काम मुलांनी केले, नाकाला रुमाल बांधून, अंगणात. पेटीवरचा बागायतदाराचा छापा तेवढा थोरलीने घासू दिला नाही.

पहिल्या फळीचा आणि फुटलेल्या लादीचा खर्च सोडला तर सगळे मिळून बाराशे रुपयांच्या आत बसले. चाचांनी मजुरी घेतली नाही, म्हणून त्यांच्या घरी शिरखुर्म्याचा डबा गेला. ज्यांना मजुरी द्यावी लागेल त्यांनी खुंट्या आणि तिरकी पट्टी तेवढी सुताराकडून करून घ्यावी, बाकीचे घरी जमते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी थोरली मांडणी दोन्ही हातांनी धरून हलवून बघते. पावसाळ्यानंतर एका खुंटीवरचा स्क्रू किंचित ढिला निघाला. ओलीने फुगलेले लाकूड वाळून आक्रसले असावे. तो काढून अर्धा इंच लांबीचा जास्त स्क्रू घातला, पुन्हा तांदळाच्या पिशव्या रात्रभर ठेवल्या आणि सकाळी पुस्तके परत लावली. धाकट्याच्या खणात सध्या अकरा शिंपल्या आहेत. बोर्डिंग पासची जागा त्याने रिकामी ठेवली आहे.